ज्युलिएटने आईला का सांगितले नाही?

दिवाळीच्या सुटीत माझी भाची आपल्या मुलीला घेऊन बडोद्याहून चार दिवस आमच्याकडे इंदूरला आली होती. मुलगी नववीत आहे. येत्या माघात तिला 14 वर्षे पुरी होतील. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील काही प्रवेश बसविले जात आहेत आणि त्यांत तिच्या वाट्याला ज्युलिएटच्या दाईची भूमिका आली आहे. नायिका व्हायचे सोडून म्हातारी दाई व्हावे लागल्यामुळे स्वारी थोडी रुसलेलीच होती. मुलींच्या शाळेत 30 वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली आत्याआजी आयती सापडताच तिने आपली वही माझ्यापुढे टाकली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी पाट मांडून नाटक वाचू लागलो. पलीकडे तिची आई मेथी निवडीत बसली होती.

वाचता वाचता पोरीने मध्येच थांबून विचारले, “आत्याआजी, पण ज्युलिएट सरळ आईला सांगून का टाकत नाही? ‘माझं लग्न झालंय’ एवढंच तर म्हणायचं होतं. पुढचं सगळं टळलं असतं!”

मी शाळेतले ठरीव उत्तर दिले. “अगं, दोन घराण्यांचं हाडवैर होतं ना, म्हणून.” तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तेवढ्यात तिची आई मेथीच्या जुडीवरून मान वर न करता म्हणाली, “सांगायला गेली होती गं ती. पुढचं पान वाच.”

वाचकहो, या सदरात मी एरवी नव्या-जुन्या मराठी पुस्तकांविषयी लिहिते. या महिन्यात मात्र त्या पुढच्या पानाविषयीच लिहावे असे वाटते. कारण 30 वर्षे हे नाटक शिकवूनही ते पान मी नीट वाचले नव्हते, असे त्या दुपारी माझ्या ध्यानात आले.

कथा सर्वांना ठाऊक असते, निदान ठाऊक आहे असे वाटत असते. इटलीतील व्हेरोना शहरात माँटेग्यू आणि कॅप्युलेट या दोन प्रतिष्ठित घराण्यांत वैर आहे. एका घराण्याचा मुलगा रोमिओ आणि दुसऱ्याची मुलगी ज्युलिएट यांची दृष्टादृष्ट होते, चोरून लग्न होते, आणि गैरसमजातून दोघेही प्राणांस मुकतात. शेक्सपिअरने ही कथा स्वतः रचलेली नाही. इटालियन लेखक लुइजी दा पोर्तो याने 1530 च्या सुमारास ती व्हेरोनाच्या पार्श्वभूमीवर सांगितली, पुढे 1554 साली बांदेल्लोने ती पुन्हा लिहिली, आणि 1562 साली आर्थर ब्रूक नावाच्या इंग्रज कवीने तिचे दीर्घ काव्य केले. हे काव्य शेक्सपिअरच्या हाताशी होते. आपल्या प्रास्ताविकात ब्रूकने वाचकांना बजावले आहे की, आईबापांचा अधिकार धुडकावून, तोंडाळ बायका आणि भोंदू साधू यांच्या सल्ल्याने चालणाऱ्यांची गत अशीच होते. शेक्सपिअरने ब्रूकची कथा घेतली; त्याचा निवाडा मात्र घेतला नाही. आपल्या नाटकात त्याने दोष कोठे ठेवला आहे, हे पाहायचे तर मूळ कथेत त्याने केलेले दोन बदल आधी पाहावेत.

पहिला बदल काळाचा. ब्रूकच्या काव्यात ही कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती अवघ्या पाच दिवसांत बसविली. रविवारी सकाळी भर बाजारात दोन्ही घरच्या नोकरांची मारामारी होते. रात्री कॅप्युलेटच्या मेजवानीत रोमिओ ज्युलिएटला पाहतो. सोमवारी दुपारी लग्न, आणि त्यानंतर घटकाभरातच रस्त्यावर दोन मुडदे पडून रोमिओला हद्दपारीची शिक्षा. मंगळवारी पहाटे तो पत्नीचा निरोप घेतो आणि त्याच सकाळी तिचे दुसरे लग्न गुरुवारी ठरल्याचे तिला कळते. बुधवारी लग्नघरात तिचे ‘प्रेत’ सापडते आणि लग्नाच्या फुलांनीच अंत्ययात्रा निघते. गुरुवारी रात्री थडग्यात सारे संपते आणि शुक्रवारची पहाट होते ती ढगाळ.

या घाईचे खापर सहसा तरुणांच्या माथी फोडले जाते. त्यात तथ्य आहेच. रविवारी सकाळपर्यंत रोझलिन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी सुस्कारे टाकणारा रोमिओ रात्री ज्युलिएटसाठी भिंत चढून येतो. पण ज्युलिएटचे तसे नाही. हे सारे फार अचानक, फार अविचाराने होते आहे, विजेसारखे चमकून नाहीसे होईल, ही भीती पहिल्या रात्री तीच बोलून दाखवते. चंद्राच्या शपथा घेऊ लागलेल्या रोमिओला थांबवून, लग्नाचा विचार असेल तर उद्या कोठे आणि केव्हा ते कळव, असे व्यवहाराचे बोलणारीही तीच. आणि नाटकातील सर्वांत मोठी घाई कोण करतो? तिचे वडील. रविवारी जावई होऊ इच्छिणाऱ्या पॅरिसला ते सांगतात की, मुलगी लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ द्या. आणि तिची संमती असेल तरच माझी. तेच गृहस्थ सोमवारी रात्री मुलीला न विचारता गुरुवारचा मुहूर्त धरतात. आणि मंगळवारी तिने वरवर होकार देताच तो आणखी एक दिवस अलीकडे, बुधवारवर आणतात. हा एक दिवस जर हाती राहिला असता, तर रोमिओपर्यंत निरोप पोहोचण्यास कदाचित अवधी मिळाला असता. तरुणांची घाई सर्वांना दिसते. वडीलधाऱ्यांच्या घाईला आपण ‘वेळेवर केलेले कर्तव्य’ म्हणतो.

दुसरा बदल वयाचा. ब्रूकची ज्युलिएट सोळा वर्षांची होत आलेली आहे. शेक्सपिअरने तिला चौदाच्याही आत आणले. तिच्या चौदाव्या वाढदिवसाला पंधरवड्याहून थोडा अधिक अवकाश आहे, हे तो दाईच्या तोंडून पुन:पुन्हा वदवून घेतो. त्या काळी मुलींची लग्ने अशाच कोवळ्या वयात होत असतील, असे आपण गृहीत धरतो. धर्मनियमाप्रमाणे इंग्लंडमध्ये बाराव्या वर्षी मुलीचे लग्न होऊ शकत असे, हे खरे; परंतु सर्वसामान्य घरांतील मुली प्रत्यक्षात पंचविशीच्या आसपास लग्न करीत. 1582 साली शेक्सपिअरचे लग्न झाले तेव्हा तो स्वतः 18 वर्षांचा होता आणि त्याची पत्नी ॲन 26 वर्षांची. हे नाटक त्याने 1595 च्या सुमारास लिहिले, तेव्हा त्याची थोरली लेक सुझॅना बारा वर्षांची होती. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकालाही ही नायिका अगदीच कोवळी वाटणार होती. आपल्याकडील वाचकाला मात्र या वयाचे तितकेसे नवल वाटू नये. आपल्या पणज्यांची लग्ने याहूनही लहान वयात झाली. आणि 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरविले ते नेमके चौदा वर्षे! तुझ्याएवढी असताना मी आई झाले होते, असे ज्युलिएटची आई तिला सांगते. हे वाक्य किती मराठी घरांतून उच्चारले गेले असेल, याची कल्पना मी तुम्हांला काय द्यावी?

आता वैराकडे येऊ. या वैराचे कारण काय? संपूर्ण नाटकात ते कोठेही सांगितलेले नाही. कोणी जमीन बळकावली, कोणी कोणाचा अपमान केला, एक अक्षर नाही. वैर ‘जुने’ आहे, एवढेच काय ते कळते. नोकर अंगठा चावून एकमेकांना खिजवतात, धनी तलवारी मागवतात आणि त्यांच्या बायका त्यांना मागे ओढतात. विशेष म्हणजे, घरच्या कर्त्यांच्या मनात हे वैर तितकेसे जळतही नाही. रोमिओ आपल्या मेजवानीत शिरला आहे, हे कळल्यावर ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट तलवारीला हात घालतो, तेव्हा त्याला थांबवतो तो खुद्द म्हातारा कॅप्युलेट. हा मुलगा सुशील आहे, सारे व्हेरोना त्याची वाखाणणी करते, असे तो आपल्या तोंडाने म्हणतो. ज्या मुलाला आपल्या लेकीने निवडले, त्याला बापाने त्याच रात्री, त्याच दिवाणखान्यात चांगले म्हटलेले आहे; पण हे दोघांनाही कधी कळत नाही. द्वेष मनातून गेलेला असतो आणि सवयीत मात्र राहतो. पुढची पिढी मनाला नव्हे, त्या सवयीला बळी पडते.

म्हणूनच या नाटकात खलनायक नाही. ‘ऑथेल्लो’मध्ये इयागो आहे, येथे तसा कोणी नाही. टिबॉल्ट तापट आहे, पण तो निम्म्या नाटकातच मारला जातो. बाकी सारी माणसे भली आहेत आणि प्रत्येकाचा हेतू चांगला आहे. चोरून लग्न लावून देणारा फ्रायर लॉरेन्स हा भिक्षू वनौषधी जाणणारा, सज्जन, वृद्ध गृहस्थ आहे. घाई करणारा अडखळतो, असा उपदेश तो रोमिओला करतो आणि त्याच दिवशी त्याचे लग्नही लावून देतो! का? तर या लग्नामुळे दोन घराण्यांचे वैर मिटेल, अशी त्याला आशा वाटते. हेतू उदात्त खरा. पण दोन मुलांच्या संसारावर गावाच्या शांततेचे ओझे ठेवताना त्या मुलांच्या आईबापांशी एक शब्द बोलण्याचे धैर्य त्याला होत नाही. उघड बोलून जे एका दिवसात कळले असते, ते लपविण्यासाठी तो ज्युलिएटला 42 तास मृतवत् पाडणारे औषध देतो. त्याचे पत्र घेऊन निघालेला दुसरा भिक्षू, सोबती शोधायला एका घरात शिरतो. त्या घरात प्लेगचा संशय असल्यामुळे पहारेकरी दारे मोहोरबंद करतात आणि पत्र आतच राहते. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकगृहे बहुतेक काळ बंदच होती. त्या प्रेक्षकाला हा प्रसंग योगायोगाचा मुळीच वाटला नसेल. 1897 सालच्या पुण्याच्या प्लेगच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना तो वाटला नसता, आणि 2020 साली कुलूपबंद दारांआड बसलेल्या आपल्यालाही तो आता वाटत नाही.

दैवाचा हात या कथेत आहे, हे नाटक आरंभीच कबूल करते. पडदा उघडण्यापूर्वीच एक निवेदक चौदा ओळींच्या सुनीतात सांगून टाकतो की, हे प्रेमिक मरणार आहेत आणि त्यांच्या मरणानेच वाडवडिलांचे भांडण पुरले जाणार आहे. म्हणजे ‘काय होणार’ याची उत्कंठा लेखकाने स्वतःहून काढून घेतली. आपण पाहायचे ते ‘कसे’. आणि पाहू लागलो की दिसते, दैवाला शिरायला प्रत्येक वेळी दार माणसांनीच उघडून दिले आहे.

अशी कित्येक दारे या नाटकात आहेत. पण त्यांतले सर्वांत महत्त्वाचे दार कोणते, तर ज्युलिएटच्या खोलीचे. ज्या पुढच्या पानाविषयी भाची बोलली, ते पान तेथलेच; तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश.

मंगळवारची पहाट. रोमिओ नुकताच खिडकीतून दोरीच्या शिडीने उतरून गेला आहे. रात्र या दोघांची आहे, दिवस इतरांचा. म्हणून पहाट झाली हे मान्य करायलाच ज्युलिएट प्रथम तयार नव्हती. तो गेला आणि लगोलग आई आत आली. मुलगी रडते आहे ती मारल्या गेलेल्या टिबॉल्टसाठी, असे तिने गृहीत धरले आणि आनंदाची बातमी सांगितली, की गुरुवारी तुझे लग्न. ज्युलिएट नाही म्हणते. एवढ्यात वडील येतात. एकुलती एक मुलगी; बाकीची सारी मुले देवाने नेली, ही एवढीच उरली, असे रविवारी सांगणारा हा बाप. ती गुडघे टेकून विनवते, एक शब्द बोलू द्या, शांतपणे ऐकून घ्या. तो म्हणतो, बोलू नकोस, उत्तर देऊ नकोस. गुरुवारी चर्चमध्ये चल, नाही तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. भीक माग, उपाशी राहा, रस्त्यात मर. आणि तो निघून जातो. ती आईकडे वळते. लग्न एक महिना, निदान एक आठवडा पुढे ढकल, एवढेच मागते. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस. मला तुझ्याशी कर्तव्य नाही. आणि तीही निघून जाते.

आता खोलीत उरली दाई. ज्युलिएटला अंगावर दूध पाजून वाढविणारी. स्वतःची त्याच वयाची मुलगी गेल्यावर या मुलीला मुलगी मानणारी. रोमिओचे निरोप आणणारी, लग्न जमविणारी, कालच्या रात्री शिडीची सोय करणारी. बापाशी भांडायलाही तीच काय ती एकटी धजली होती. ज्युलिएट तिला विचारते, काही तरी उपाय सांग, धीर दे. दाई थोडा विचार करते आणि सल्ला देते की, रोमिओ हद्दपार झाला आहे, तो काही परत येत नाही. तेव्हा पॅरिसशी लग्न करून टाक. किती देखणा माणूस आहे! त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे पोतेरे!

हे तू मनापासून बोलतेस का, असे ज्युलिएट एकदाच विचारते. दाई हो म्हणते. त्यावर ती शांतपणे म्हणते, तू माझे चांगले सांत्वन केलेस. दाई बाहेर जाते आणि ती स्वतःशी ठरविते, की आजपासून आपल्या मनातले हिला काहीही सांगायचे नाही.

वाचकहो, विष आणि खंजीर पुढे येतात. पण ज्युलिएट एकटी पडते ती येथे. पंधरा मिनिटांच्या एका प्रवेशात घरातली तीन माणसे एकामागून एक तिच्यापासून दूर होतात आणि त्यांतले एकही दुष्ट नाही. बापाला तिचे भले हवे आहे. आईला घराची लाज राखायची आहे. दाईला तिचे दुःख लवकर संपलेले हवे आहे. तिने सांगितले का नाही, हा प्रश्न आपण चार शतके विचारतो आहोत. तिला कोणी विचारले का, हे विचारायचे राहूनच जाते.

आणि आता, भाचीचे हात मेथीवर काम करीत असताना तिने ते वाक्य का उच्चारले, ते सांगते. लिहू का, असे मी तिला आधी विचारले. ती म्हणाली, “लिही. फक्त माझं नाव नको.”

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाची तेव्हा 23 वर्षांची होती. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तिच्यासाठी बडोद्याचे स्थळ पाहिले होते. मराठी घर, माणसे परिचयाची, मुलगा इंजिनिअर. चार पिढ्या होळकरांच्या या गावात राहून आमच्या घराने आपली भाषा टिकविली, सणवार टिकविले. तेव्हा लेक मराठी घरात पडावी, ही दादाची इच्छा तुम्हां वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात ती कधी ना कधी बोलली गेली असेल. तिच्यात परक्याविषयी द्वेष नव्हता. शेजारच्या माळवी कुटुंबाशी आमचा तीन पिढ्यांचा घरोबा होता, त्यांच्या दालबाफल्यांचे ताट आमच्याकडे आणि आमच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे जात. पण लग्न ही गोष्ट निराळी, असे सगळेच धरून चालत. का निराळी, हे कोणी सांगत नसे. माँटेग्यू-कॅप्युलेटांच्या वैरासारखेच तेही ‘जुने’ होते.

एका संध्याकाळी भाची माझ्याकडे आली. चहा झाल्यावर म्हणाली, “आत्या, तुला एक सांगायचं होतं. माझ्याबरोबर एम. एस्सी.ला एक मुलगा आहे. मराठी नाहीये. बाबांना निदान महिनाभर थांबायला सांगशील का? तुझं ते ऐकतात.”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “अगं, बडोद्याचा मुलगा किती चांगला आहे! घर आपलं, भाषा आपली. हे दुसरं वर्षभरात विसरशील बघ.”

ती काही बोलली नाही. कप विसळून पालथा घातला, “येते आत्या” म्हणाली आणि गेली. चार महिन्यांनी लग्न झाले. मी नवीन शालू नेसून मिरवले. दुसऱ्याच आठवड्यात मी दहावीच्या वर्गाला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची कथा शिकविली, आणि दाई ही विनोदी, बडबडी व्यक्तिरेखा आहे, असे फळ्यावर लिहून दिले.

गैरसमज नसावा. भाचीचा संसार चांगला चालला आहे. जावई सज्जन आहेत. त्या दुसऱ्या मुलाशीच तिचे लग्न व्हायला हवे होते, असे मी म्हणत नाही. दादाने ऐकलेच असते, असेही नाही. पण त्या संध्याकाळपासून गेली सतरा वर्षे ती मला दर दिवाळीला फोन करते, तब्येतीची चौकशी करते, बर्फी पाठवते, आणि स्वतःच्या मनातले एक अक्षर सांगत नाही. आपल्याकडे शोकान्तिका नेहमी थडग्यातच संपते असे नाही. बहुतेक वेळा ती कप विसळून निघून जाते आणि घरातल्या कोणाला पत्ताही लागत नाही.

नाटकाच्या अखेरीस दोन्ही बाप थडग्यापाशी समोरासमोर येतात. माँटेग्यूची पत्नी मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने त्याच रात्री गेलेली आहे. कॅप्युलेट हात पुढे करतो. माँटेग्यू म्हणतो, मी तुझ्या मुलीचा सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, मीही तुझ्या मुलाचा तितकाच मौल्यवान पुतळा तिच्या शेजारी उभारीन. समेट होतो खरा. पण त्या समेटातही कोण अधिक देणार याची थोडीशी चढाओढ ऐकू येते, असे मला दर वेळी वाटते. जिवंतपणी ज्यांचा एक शब्द ऐकला नाही, त्यांचे पुतळे सोन्याचे! हा शेवट पुष्कळांना सोसवत नाही. 1748 साली इंग्रज नट डेव्हिड गॅरिकने आपल्या प्रयोगात रोमिओचा प्राण जाण्यापूर्वीच ज्युलिएटला जागे केले आणि दोघांचे शेवटचे बोलणे घडवून आणले. तो बदल रंगभूमीवर कित्येक दशके टिकून राहिला. शेक्सपिअरने मात्र ती भेट होऊ दिली नाही. वेळ गेल्यावर बोलणे होत नाही, हेच त्याला सांगायचे होते. आपल्या ‘सैराट’ने 2016 साली याच्याही पुढचे पाऊल टाकले, तेथे तर हात पुढे करायला शेवटी कोणी येतही नाही.

त्या रात्री पोर झोपल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. मी म्हणाले, “त्या दिवशी मी दादाशी बोलायला हवं होतं गं.”

भाची बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आत्या, तू बाबांशी बोलली नाहीस, त्याचं मला एवढं वाटलं नाही. त्यांनी ऐकलं नसतंच. पण तू मला काहीच विचारलं नाहीस. तो कोण, कसा, घरी कोण असतं… त्याचं नावसुद्धा विचारलं नाहीस.”

सतरा वर्षे उशीर झाला होता. तरी मी नाव विचारले. तिने सांगितले. मग रात्री साडेबारापर्यंत आम्ही बोलत बसलो होतो. त्याच्याविषयी थोडे, आणि तिच्याविषयी पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाईची तालीम झाली. पोरीचा रुसवा गेला होता. “आत्याआजी, दाईचंच काम अवघड आहे,” ती म्हणाली, “तिला कळतच नाही आपण काय केलं ते.” मी म्हटले, “हो. ते तसंच कर. हसवू नकोस फार.”

ज्यांना हे नाटक मराठीतून वाचायचे असेल, त्यांच्यासाठी मंगेश पाडगावकरांनी केलेला अनुवाद आहे. गावच्या मराठी वाचनालयात मिळाला तर जरूर आणावा. तिसऱ्या अंकाशी आल्यावर थोडे थांबावे. आणि त्याच सुमारास घरातले एखादे मूल चहाचा कप हातात घेऊन “तुला एक सांगायचं होतं” म्हणत शेजारी येऊन बसले, तर पुस्तक मिटून ठेवावे. सल्ला मागाहून देता येतो. आधी नाव विचारावे.